रुखवतातलं पाचवं पुस्तक

“कादंबरी न्हाई मॅडम. पर कादंबरीवरचं गाईड हाय. देऊ?”

गारगोटीतल्या त्या दुकानदारानं हे इतक्या आपुलकीनं विचारलं, की मला त्याच्यावर रागावताही येईना. एरवी रागावणं मला चांगलं जमतं. त्याच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे छताला टेकले होते. कंपासपेट्या होत्या, दप्तरं होती, प्लास्टिकचे चेंडू होते, पूजेच्या पोथ्या होत्या, लग्नपत्रिकांचे नमुने दोरीला लटकत होते. कादंबरी मात्र औषधालाही नव्हती.

“लोक मागत नाहीत का?” मी विचारलं.

“मागत्यात की. कॉलेजची पोरं मागत्यात, परीक्षेला लागलेली.”

“आणि परीक्षेला न लागलेली?”

दाढ दुखत नसताना कुणी ती काढून घ्यायला येतं का, असं विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं. “ती कशाला कोण वाचंल?” तो म्हणाला.

माझ्या शेजारी उभे असलेले तेंडोलकर मिशीतल्या मिशीत हसले. एक दुकान झालं, असं ते हसणं होतं. आम्ही बाहेर येऊन त्यांच्या जुन्या ओम्नीत बसलो. मागच्या सीट काढून तिथं पुस्तकांचे गठ्ठे रचलेले होते आणि उन्हानं सगळ्या गाडीला डिंकाचा वास येत होता.

तेंडोलकर म्हणजे माझे प्रकाशक. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हाही कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवत होते आणि आजही चालवते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, असा माझा धंदा. त्यामुळेच की काय, संध्याकाळी मला लिहायची हुक्की यायची. माझी पहिली कादंबरी, ‘उंबऱ्यावरची समई’, तेंडोलकरांनी छापली होती. तिच्यातली मथुरा ही पंचेचाळिशीची बाई एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावते, पिशवी उचलते आणि घरातून निघून जाते. भांडण नाही, मारहाण नाही. तिला जावंसं वाटतं म्हणून जाते. दुसऱ्या एका गावात खोली घेते, खानावळ काढायचं ठरवते, पहिल्या दिवशी चूल पेटवते आणि तिथं कादंबरी संपते. दोन वर्तमानपत्रांनी बरे शब्द छापले. प्रती तेंडोलकरांच्या गोदामात राहिल्या आणि त्यांतल्या काही गठ्ठ्यानं, पडत्या भावात, कोल्हापुरातल्या एका ठोक दुकानाला गेल्या.

आणि आता मी दुसरी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. हिच्यातली बाई शाळेतून निवृत्त होते, नवऱ्याला चहाची पूड आणि साखर कुठं असते ते दाखवते आणि समुद्राकाठच्या एका गावी एकटी राहायला जाते.

“डॉक्टरीणबाई,” तेंडोलकर मला म्हणाले होते, “तुमच्या बायकांना घरात काही चावतं का हो?”

“शेवट आवडला नाही का?”

“मला आवडला. पण मी एकटा किती प्रती घेणार? शेवटच्या प्रकरणात तिला घरी आणा, मग छापतो. गावाकडचा वाचक बाई गेलेली खपवून घेतो, पण ती परत आली पाहिजे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“चाळीस वर्षं पुस्तकं विकतोय. चला माझ्याबरोबर, एक दिवस दवाखाना बंद ठेवा. आपण गावांतल्या दुकानांतून हिंडू. दुकानदार, वाचक, कुणीही एक माणूस म्हणाला की बाई परत यायला नको, तर तुमचा शेवट जसाच्या तसा छापतो. कुणीच तसं म्हणालं नाही, तर आणायची घरी. कबूल?”

कबूल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. ते हस्तलिखित आधी दोन ठिकाणांहून साभार परत आलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, मीच जिंकणार. आपल्या पुस्तकाबद्दल लेखकाला असं वाटतं, आणि त्याला कुणीही काही करू शकत नाही.

आजऱ्याचं दुकान बघितल्यावर तर मी मनातल्या मनात टाळ्याच वाजवल्या. तिथं पुस्तकंच पुस्तकं होती. काचेची कपाटं, आत कथा-कादंबऱ्या ओळीनं, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर. मालक, एक बारीक अंगाचे वृद्ध गृहस्थ, स्टुलावर बसून कापडानं एकेक पुस्तक पुसत होते. त्यांना वाचनाचं वेड होतं, हे लगेच कळलं. विकायचं वेड मात्र अजिबात नव्हतं. मी एक पुस्तक मधोमध उघडलं तर ते कळवळून उठले.

“एवढं नका उघडू. पाठ मोडते त्याची.”

“मग बघायचं कसं?”

“असं,” म्हणत त्यांनी पुस्तक दोन बोटं उघडून आत एका डोळ्यानं डोकावून दाखवलं. माझ्याकडं येणारे काही पेशंट तोंड तेवढंच उघडतात.

तेंडोलकरांनी माझी ओळख करून दिली. गृहस्थांचा चेहरा उजळला. “वाचलीय मी तुमची समई! भाषा फार गोड आहे हो.”

मी तेंडोलकरांकडं विजयी नजरेनं पाहिलं.

“एका खेड्यातल्या वाचनालयाला दिली होती एक प्रत,” गृहस्थ पुढं म्हणाले. “आठवड्यात परत आणून दिली त्यांनी. म्हणाले, बाई गेली ती गेलीच, हे काही बरं नाही. लोकांना चुटपुट लागून राहते. मलाही लागली, खोटं कशाला बोलू? रात्री झोप येईना. शेवटी मी आपला मनातल्या मनात तिला घरी परत आणली आणि मग झोपलो.”

“आणली?” मी विचारलं.

“हो. नवऱ्यानं दार उघडलं, म्हणाला, आलीस का. बस्स, एवढंच.” ते संकोचून हसले. “तुम्हाला राग नाही ना आला?”

राग नाही आला. वाईट वाटलं. एवढा प्रेमळ माणूस, पुस्तक वाचणारा, पुस्तक पुसणारा, आणि त्यालाही माझी मथुरा घरी पोचल्याशिवाय झोप लागत नव्हती. मग मी कुणाच्या जोरावर हट्ट धरून बसले होते?

जेवायला बसलो तेव्हा माझं तोंड उतरलेलं होतं. तेंडोलकर डाव्या बाजूनं चावत होते. त्यांची उजवी दाढ दोन वर्षं दुखत होती आणि ते मला तिला हात लावू देत नव्हते. वर मला पुस्तकं दुरुस्त करायला सांगत होते.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “आणते परत.”

त्यांनी घास थांबवला. मला वाटलं होतं ते खूश होतील. “अजून दिवस बाकी आहे,” ते म्हणाले.

“नको. तुमचं बरोबर आहे. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिते. समुद्राकाठी आठ दिवस राहील आणि येईल.”

“नवरा चहा करून देईल तिला,” ते म्हणाले. ही सवलत होती, हे मला कळलं.

“देईल,” मी म्हणाले.  त्यांनी वाटेत घनसाळ तांदूळ घेतला आणि त्यातला निम्मा मला देऊ केला. मी घेतलाही. कादंबरीच्या बदल्यात तांदूळ, असं काहीतरी मनात आलं, पण तांदळाचा वास खरंच सुरेख होता.

नेसरीला आमचं तसं काही काम नव्हतं. तेंडोलकरांना एका दुकानात शब्दकोशांचा गठ्ठा टाकायचा होता, तेवढंच. मे महिन्याचे दिवस, लग्नसराई ऐन भरात. बाजारपेठेतनं गाडी काढता काढता दोन वराती लागल्या. ‘कोरी बुक स्टॉल’ हे दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पुढं रसवंतीगृह, बाजूला बांगड्यांचं दुकान. मी गाडीतच बसणार होते, पण उकाडा असह्य झाला म्हणून खाली उतरले.

आणि दुकानाच्या काउंटरवर मला माझं पुस्तक दिसलं.

एक नाही. ओळीनं होती. पिवळ्या, पारदर्शक, चकचकीत कागदात, लाल रिबिनीचा गोंडा बांधून, पाच-पाच पुस्तकांचे गठ्ठे मांडलेले होते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर सगळ्यात वर माझी समई. चकचकीत कागदाआडून माझं नाव वाचता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं पुस्तक दुकानात मांडलेलं बघत होते. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं तेंडोलकरांचा दंड धरला. त्यांच्या हातून शब्दकोश पडले.

“हे काय आहे?” मी दुकानदाराला विचारलं.

“रुखवताचा संच, मॅडम.” दुकानदार चन्नाप्पा कोरी हा चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, उत्साही माणूस होता. “नवरीच्या रुखवतात लाडू-करंज्या, भांडीकुंडी, विणल्याली तोरणं सगळी मांडत्यात. म्हटलं, पुस्तकं का नगं? पाच पुस्तकांचा संच काढला. स्तोत्रांचं एक, सैपाकाचं एक, इणकामाचं एक, बाळाच्या नावांचं एक, आन् पाचवं ह्ये.”

“पाचवं कायम हेच?”

“पयलं कायबी टाकत हुतो. मग ह्ये कोल्लापुरात ठोकच्या दुकानात घावलं. चित्र बघा की!” त्यानं एक गठ्ठा माझ्यापुढं धरला. “समई हाय, रांगोळी हाय, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं हाईत. नवरीच्या संगं द्यायला ह्याच्यापरीस चांगलं काय असतंय? ह्या वर्षी नेसरीत एक रुखवत ह्याच्याबिगार मांडलं न्हाई.”

तेंडोलकर चष्मा पुसत पुढं आले. “तुम्ही वाचलंय का हो हे?”

“मी? साहेब, सीझन हाय!”

“याच त्या लेखिका,” तेंडोलकर म्हणाले.

पुढची पाच मिनिटं गोंधळाची गेली. चन्नाप्पानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला, समोरून उसाचा रस मागवला आणि बांगड्यांच्या दुकानातल्या माणसाला ओरडून सांगितलं की पुस्तक लिवणाऱ्या बाई आल्यात. मग तो माझ्यासमोर वह्यांच्या गठ्ठ्यावर बसला. “मॅडम, आता तुमच्याच तोंडनं सांगा. कशावर हाय वो पुस्तक?”

मी तेंडोलकरांकडं पाहिलं. ते रस पीत होते. डोळ्यांत मात्र खट्याळपणा होता.

“एका बाईवर आहे,” मी म्हणाले. “ती घर सोडून जाते.”

चन्नाप्पाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. “सोडून? नवरा मारतोय म्हणून?”

“नाही.”

“सासू छळती?”

“सासू चांगली आहे तिची.”

“मग वो?”

“तिला जावंसं वाटतं.”

“आन् परत कवा येती?”

“येत नाही.”

तो उठला. बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं एकदा नजर फिरवली. “आवो बाई,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “गावातल्या सगळ्या नवऱ्या मी ह्ये दिऊन सासरी धाडल्या की!” आणि तो भराभरा काउंटरवरचे संच उचलून खाली लपवायला लागला. तेंडोलकरांना इतकं हसू आलं की त्यांना रसाचा ठसका लागला. मी हसत नव्हते. थोड्या वेळापूर्वीचा माझा आनंद पार ओसरला होता. एवढी पुस्तकं घरोघरी गेली होती आणि ती कुणी वाचायला नेलीच नव्हती. ती विणलेल्या तोरणाशेजारी मांडायला नेली होती.

“मेलो,” चन्नाप्पा एकदम म्हणाला.

रस्त्यापलीकडून एक बाई तरातरा येत होती. साठीच्या आतबाहेरची, उंच, नऊवारीचा काष्टा कसलेला. मागून एक नवी नवरी, हातात हिरवा चुडा, जवळजवळ पळत. बाईच्या हातात माझं पुस्तक होतं.

“रेडेकरांच्या हौसामावशी,” चन्नाप्पा पुटपुटला. “मागल्या म्हयन्यात ल्योकाचं लगीन झालंय. संच माझ्याकडनंच गेलाय. मॅडम, तुमी तेवढं आत जावा. आत जावा म्हणतो न्हवं!”

मी आत गेले नाही. आपल्या पुस्तकाबद्दलच्या शिव्या दुसऱ्यानं का खाव्यात? पण मी खुर्ची जरा मागं सरकवली, हेही खरं.

हौसाबाईंनी पुस्तक काउंटरवर आपटलं. “चन्नू, ह्ये बदलून दे.”

“देतो की मावशी. लगीच देतो. काय झालं?”

“काय झालं? डोळं हाईत न्हवं तुला? ही पावलं बघ. लक्ष्मी घरात येती का घरातनं जाती?”

“येती की.”

“मग अंगठं कुठल्या अंगाला हाईत बघ.”

आम्ही चौघंही मुखपृष्ठावर वाकलो. दारात रांगोळी होती, शेजारी समई जळत होती, उंबऱ्यावर कुंकवाची इवली पावलं होती. आणि प्रत्येक पावलाचा अंगठा बाहेर, रस्त्याकडं होता.

मला ते ठाऊक होतं. चित्रकाराला मीच तसं काढायला सांगितलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते. कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली होती. परीक्षणं लिहिणाऱ्यांना दिसलं नाही, छापखान्यात दिसलं नाही. “अहो, हे कधी झालं?” तेंडोलकर माझ्या कानाशी कुजबुजले, म्हणजे त्यांनाही दिसलं नव्हतं. दिसलं ते या बाईंना. शिव्या अजून बाकी होत्या, तरी मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

“छपाईची चूक हाय मावशी,” चन्नाप्पा घाईघाईनं म्हणाला. “ठेवा ते हितं. ह्येच्या बदली मी दुसरं देतो. भरतकामाचं आलंय नवीन, रंगीत चित्रांचं.”

त्यानं पुस्तक ओढलं. हौसाबाईंनी सोडलं नाही.

“भरतकाम काय करू? मला ह्येच पायजे. धड छापल्यालं. नुसती पावलंच चुकल्यात व्हय? ह्याची शेवटची पानंबी गळाल्यात.”

“शेवटची पानं?” हे मी म्हणाले.

“व्हय बाई.” त्या माझ्याकडं वळल्या. मी गिऱ्हाईक आहे असं त्यांना वाटलं असावं. “तुमी घेताय काय ह्ये? बघून घ्या. ती चूल पेटवती आन् फुडं कोरं पान. म्हटलं, ज्याचं चित्रच उलटं छापलंय, त्याच्या आत घोटाळा असणारच.”

“आत्ती, मी सांगितलं की तुमास्नी,” सून हळूच म्हणाली, “ते तितंच सपतंय.”

“तू गप रूपाली. असं कुठं सपतंय? जेवाय बसीवलं आन् वाढलंच न्हाई, असं कोण करतंय का?”

चन्नाप्पाच्या चेहऱ्यावरचे रंग बघण्यासारखे होते. “मावशी,” त्यानं चाचरत विचारलं, “म्हंजे तुमी वाचलंसा?”

“मला कुठलं वाचाय येतंय? हिनं वाचलं. रुखवताचं सामान लावताना मला ती पावलं दिसली. म्हटलं, माझ्या घरात उलट्या पावलाचं पुस्तक आलं कसं? हिला म्हटलं, वाच बघू, आत काय हाय. दुपारी कारखान्यातनं आणल्यालं काजू सोलत बसतो न्हवं आमी, तवा ही वाचायची. पयल्या दिवशी मीच म्हटलं, कसली बाई ही, बंद कर. दुसऱ्या दिवशी काजू घिऊन बसलो, तर हातच चालंना. म्हटलं, वाच, कुठं गेली बघू ती. मग शेजारच्या यायला लागल्या. ती एसटीत बसली त्या दिवशी तर आमच्या अंगणात बसाय जागा नव्हती.”

मागं सरकवलेली खुर्ची मी परत पुढं घेतली. 

तेंडोलकरांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. पैज ते विसरले नव्हते. मला वाटलं, आता हे विचारणार, आणि त्यांनी विचारलंच. “मावशी, त्या गळालेल्या पानांत काय असेल असं तुम्हाला वाटतं? ती घरी परत आली असेल का?”

“परत?” हौसाबाईंनी त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. “ती कशाला?”

“नाही, म्हणजे घर आहे. नवरा आहे.”

“हाईत की. ते कुठं पळून चालल्यात? एवढी वर्सं घरादाराला जेवाय घातलं तिनं. कोण एकदा म्हणालं का, तू जेवलीस काय? आता खानावळीत लोकं जेवून वर चांगलं झालं हुतं म्हणून जात्याल. त्ये सोडून घरला येऊन काय करायचं तिनं?”

“आणि तुमची ही सून अशी गेली तर?” तेंडोलकरांनी शेवटचा प्रयत्न केला.

“हिला आमी इचारतो की, जेवलीस का म्हणून,” हौसाबाई म्हणाल्या. “न्हाईतर जाईल. मी तर म्हणतो, जावंच.” रूपालीनं हसू दाबायला पदर तोंडात धरला. तो पुरला नाही.

“मग त्या पानांत काय पाहिजे होतं तुम्हाला?” मी विचारलं. 

“खानावळ चालली का न्हाई ते! पयल्या दिवशी कोण आलं जेवाय? आमटी खारट झाली का? आन् गाव कुठलं? एवढं सगळं लिवलं आन् गावाचं नाव लिवलं न्हाई.”

“मावशी,” चन्नाप्पाला आता धीर आला होता. “ह्याच बाईंनी लिवलंय ते पुस्तक.”

हौसाबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मी उठून उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि परत खुर्चीत बसवलं, स्वतः वह्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या. “मग सांग पोरी,” त्या म्हणाल्या. “चालली का?”

मला माहीतच नव्हतं. चूल पेटवून मी बाजूला झाले होते आणि त्या शेवटाला लोकांनी सूचक म्हटल्यावर गप्प बसले होते. मथुरेनं त्या चुलीवर काय शिजवलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

“चालली,” मी म्हणाले.

“कशावरनं?”

“पहिल्या दिवशी एसटीचा एक कंडक्टर आला. त्यानं पिठलं-भाकरी मागितली.”

“केलं हुतं काय तिनं पिठलं?”

“नव्हतं. वांग्याची भाजी होती.”

“मग?”

“त्याला म्हणाली, बसा, करते.”

“बघ!” हौसाबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. “म्हटलं नव्हतं?”

“त्यानं दुसऱ्या दिशी डायवरला आणलं असंल,” रूपाली म्हणाली. आतापर्यंत ती फक्त सासूशीच हळू आवाजात बोलली होती, त्यामुळे बोलून झाल्यावर ती लाजली, पण थांबली नाही. “आन् संगं शेंगदाण्याची चटणी. ती चटणी चांगली करती, तिसऱ्या का चौथ्या भागात हाय.”

“स्टँडजवळ हाय न्हवं?” चन्नाप्पानं विचारलं. “मग उपासाचं ठेवाय पायजे. साबुदाणा. लई जातंय.”

“आणि गोड काय?” हे तेंडोलकर होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली होती.

“गोड सणालाच,” हौसाबाई म्हणाल्या. “रोज गोड घालून कशी परवडंल तिला?”

“एक वाटी खीर तरी.”

“बरं, आयतवारी खीर. तांदळाची.”

बांगड्यांच्या दुकानातला माणूस येऊन दारात उभा राहिला होता. कशाची बोलणी चालली आहेत हे त्याला कळेना, पण त्यानं सांगितलं की ताकाला जिऱ्याची फोडणी असावी. ते सर्वांना पटलं. मी सांगत होते, ते सांगत होते, मथुरेच्या खानावळीत एक बाकडं वाढलं, मग दुसरं, मग दारावर पाटी लागली. हौसाबाई सुरुवातीला हसताना तोंडावर पदर घेत होत्या, कारण पुढचे दोन दात पडलेले होते. आता त्यांना पदराचं भान नव्हतं. दात नसलेलं एवढं सुंदर हसू मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मी हसण्यांचाच धंदा करते.

चन्नाप्पा हळूच उठला आणि काउंटरखाली लपवलेले संच एकेक करून परत वर मांडायला लागला.

“आता गाव सांग,” हौसाबाई म्हणाल्या. “आमचं दोघींचं ठरलंय. गावाचं नाव कळलं की एसटीनं जाणार जेवाय.”

“मावशी,” मी म्हणाले, “ती गोष्ट आहे. अशी खानावळ खरी नाही कुठं.”

“ते ठाव हाय की मला! म्हणून गावाचं नाव इचारायचं न्हाई व्हय?”

मी नाव सांगितलं. त्या क्षणी सुचलेलं, आमच्या आजोळजवळच्या एका लहानशा फाट्याचं. रूपालीनं चन्नाप्पाचं पेन घेतलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतलं.

तेंडोलकरांनी ते पान आपल्याकडं वळवून वाचलं. मग त्यांनी विचारलं, “मावशी, मला न्याल का हो तुमच्याबरोबर? जेवायला?”

“चला की,” हौसाबाई म्हणाल्या. “पर जेवून झालं की ताट आपलं आपण धुवायचं. तितं कोण तुमची बायको न्हाई.”

“धुईन,” तेंडोलकर म्हणाले. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, नव्या कादंबरीच्या शेवटाला हात लावायचा नाही.”